वरच्या पाच, खालच्या पाच

साळवे भाऊसाहेब दारात आलेल्या माणसाला 'काय काम आहे' असे विचारत नसत. 'किती कागद आणलेत' असे विचारत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही तेच विचारले. मी म्हणालो, "चौतीस." त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, कागद टेबलावर काढले, अंगठा ओल्या स्पंजावर टेकवत एकेक मोजला आणि म्हणाले, "चौतीस. बसा."

बहुतेक लोक 'आहेत बरेच' किंवा 'सगळे आणलेत' असे सांगतात आणि मोजणी होईपर्यंत उभे राहतात, हे मला त्यांच्या पत्नीने, मालतीताईंनी, नंतर सांगितले. "तुम्हाला लगेच खुर्ची मिळाली. आमच्या जावयालासुद्धा पहिल्या दिवशी मिळाली नव्हती," असे म्हणून त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला.

भाऊसाहेबांना जाऊन आता दीड वर्ष झाले. मागच्या महिन्यात माझ्या मुलीचे जात वैधता प्रमाणपत्र एकाही सुनावणीशिवाय मिळाले. वडिलांचे वैध असले की मुलीला फारसे सिद्ध करावे लागत नाही. ते हातात आल्यावर ज्यांना फोन करावा असे वाटले ते एकटे भाऊसाहेबच होते. म्हणून हे लिहीत आहे.

ते कल्याण पूर्वेला एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहत. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, म्हणजे जुनी दप्तरे ठेवतात त्या खोलीत, त्यांनी एकतीस वर्षे काढली होती. महसूल खात्यातल्या माणसाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. निवृत्तीनंतर बहुतेकांचे ते गळून पडते, त्यांचे टिकले. ते वकील नव्हते, एजंट तर नव्हतेच. फी घेत नसत. जातीच्या दाखल्याची पडताळणी अडलेला माणूस त्यांच्याकडे यायचा आणि ते त्याचे कागद वाचून द्यायचे, इतकेच. मोडी लिपी ते त्या खोलीतच शिकले. कोणी शिकवली, असे विचारले तर म्हणत, "वाळवीने. ती खायच्या आत वाचायचं होतं, म्हणून घाईने आली."

त्यांचा एक राग प्रसिद्ध होता. जुन्या कागदाला प्लॅस्टिकचे आवरण करून आणलेले त्यांना सहन होत नसे. माझ्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला मी मोठ्या काळजीने लॅमिनेट करून घेतला होता. तो त्यांनी दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला.

"याला कोणी पुरलं?"

"मीच, भाऊसाहेब. फाटू नये म्हणून."

"आता फाटणार नाही. आणि मागचा शिक्काही कोणाला बोटाने चाचपता येणार नाही."

मालतीताई आतून म्हणाल्या, "अहो, पहिल्या दिवशी तरी बोलू नका. माणूस घाबरून परत जाईल." मग माझ्याकडे वळून, "यांना माणसं फारशी आवडत नाहीत. माणसांचे आजोबा आवडतात."

माझे दुखणे असे होते. मी एका पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात कनिष्ठ अभियंता. आम्ही आगरी, आणि इतर मागासवर्गाच्या राखीव जागेवर माझी निवड झालेली. भरतीच्या वेळी मी पडताळणीचा प्रस्ताव कार्यालयात दिला होता, त्याची पोचही माझ्याकडे होती, पण प्रस्ताव पुढे गेलाच नव्हता. सतरा वर्षांनी नोटीस आली. पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र सादर करावे, अन्यथा नियुक्ती रद्द करण्यात येईल. त्या वेळी मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. त्या वयात पुन्हा कोणतीही परीक्षा देता येत नाही.

मला आकड्यांची सवय आहे. पाण्याचा दाब, जलवाहिनीचा व्यास, टाकीची पातळी, सगळे मी वहीत लिहितो. त्यामुळे नोटीस आल्यावर मी घाबरण्याऐवजी कागद गोळा करायला लागलो. वडिलांच्या शाळेच्या नोंदीत 'हिंदू आगरी' होते. ते पुरेसे होते, असे मला तीन जणांनी सांगितले. पण जितकी नोंद जुनी तितके तिचे वजन जास्त, असे कुठेतरी वाचले आणि मी आणखी मागे गेलो. आजोबा, पांडू भोईर, शाळेत गेलेच नव्हते. त्यांचे धाकटे भाऊ बारकू मात्र कल्याणच्या एका शाळेत दोन वर्षे होते. मी त्या शाळेत अर्ज केला आणि उतारा आणला. त्यात लिहिले होते, 'हिंदू मराठा'.

म्हणजे आमच्या घराण्यातली सर्वांत जुनी नोंद माझ्या विरोधात होती, आणि ती मीच शोधून काढली होती.

बारकू आजोबांना मूलबाळ नव्हते. त्यांचा वंश पुढे गेला नव्हता. पडताळणीसाठी वंशावळ काढून द्यावी लागते. मी ती काढली, पणजोबांखाली एकच रेघ ओढली आणि पांडू लिहिले. उतारा घरी कपाटात ठेवला. हे मी कोणालाही सांगितले नाही, पत्नीलाही नाही. मग चौतीस कागद घेऊन भाऊसाहेबांकडे गेलो.

त्यांनी सगळे कागद वाचायला पावणेदोन तास घेतले. अकरावा कागद जमिनीच्या फेरफाराचा होता, म्हणजे पणजोबा वारल्यावर वारसांची नावे लागली त्याचा. तो त्यांनी वंशावळीशेजारी ठेवला.

"इथे मुलगे दोन आहेत. पांडू आणि बारकू. तुमच्या वंशावळीत एक. दुसरा कुठे गेला?"

"ते वारले, भाऊसाहेब."

"वंशावळीत सगळे वारलेलेच असतात, भोईर. कोणी तिथे राहायला जात नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"याच्या खाली प्रतिज्ञापत्र आहे. वरील मजकूर खरा आहे म्हणून तुम्ही सही करणार होतात. किती वर्षांची नोकरी?"

"सतरा."

"सतरा वर्षांत मीटरचं रीडिंग कधी खोटं लिहिलंत?"

"नाही."

"मग आत्ता कशाला हात कापून देता? काय आहे बारकूकडे, ते घेऊन या. पस्तिसावा कागद आल्याशिवाय मी पुढे बघणार नाही."

मला राग आला होता. कल्याणहून कोपरला घरी येईपर्यंत मी ठरवले होते की पुन्हा जायचे नाही. ते दहा मिनिटांचे अंतर आहे, पण त्या दिवशी मी मधल्या एका स्टेशनवर उतरून बाकावर बसून राहिलो. हा माणूस माझी नोकरी घालवणार, असे वाटत होते. दुसऱ्या दिवशी उतारा घेऊन गेलो, तो केवळ दुसरे कोणी मोडी वाचणारे मला माहीत नव्हते म्हणून. त्यांच्यावर विश्वास बसला होता असे म्हणणे खरे होणार नाही.

मी पोचलो तेव्हा त्यांच्यासमोर दुसरे एक गृहस्थ बसले होते, चांगल्या कपड्यांतले, मुलासाठी आलेले. भाऊसाहेबांनी त्यांचा एक कागद खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि परत आणून त्यांच्यापुढे ठेवला.

"कागद जुना आहे. शाई जुनी नाही."

गृहस्थ हसले. "भाऊसाहेब, तुम्ही इतकी वर्षं तिथे होतात. तुम्ही म्हणालात तर चालून जाईल. काही असेल ते आपण बघू ना."

"चहा घेऊन जा. हे काम होणार नाही, पण चहा झालाय."

ते चहा न घेता गेले. मला वाटले, भाऊसाहेब आता त्यांच्याविषयी काही बोलतील. ते खिडकीपाशी जाऊन खाली बघू लागले. मग म्हणाले, "ज्या पोराची ती जागा आहे तो समोर खुर्चीत बसलेला नसतो. तो कुठे खेड्यात असतो, त्याला आपली जागा गेली हे कळतही नाही. समोर बसलेला बाप मात्र दिसतो. म्हणून लोकांना सोपं वाटतं." आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी पस्तिसावा कागद दिला.

त्यांनी तो एकदाच वाचला. 'हिंदू मराठा' या शब्दांवर थांबलेसुद्धा नाहीत. विचारले, "तुम्ही रजिस्टर पाहिलंत?"

"उतारा मिळाला ना."

"उतारा शाळेच्या क्लार्कने आज लिहिलेला आहे. नोंद त्या वेळच्या गुरुजींनी केलेली आहे. आपल्याला गुरुजींना भेटायचं आहे."

त्यांची एक पद्धत होती, ती ते प्रत्येकाला सांगत. आपली ओळ वाचायची नाही. आपल्या ओळीच्या वरच्या पाच आणि खालच्या पाच वाचायच्या, मग आपली. माणूस आपल्याच ओळीकडे बघून रडतो किंवा हसतो, असे ते म्हणत, आणि कागद काय सांगतो ते राहून जाते.

आम्ही शाळेत गेलो. तिथला क्लार्क तरुण होता आणि कंटाळलेला होता. "काका, उतारा दिलाय की. आता परत काय बघायचंय? ते रजिस्टर हात लावला की तुटतं."

"म्हणूनच मी हात लावणार नाही. तुम्ही उलटा, मी बघतो," भाऊसाहेब म्हणाले. "आणि पंखा बंद करा तेवढा."

त्या पंखा बंद करण्याने क्लार्कला काय वाटले कोण जाणे, पण तो नीट बसला. रजिस्टर धुवट कापडात बांधलेले होते. बारकू आजोबांचे पान निघाले. मी वाकून बघायला लागलो तर भाऊसाहेबांनी कोपराने मला मागे केले आणि वरून वाचायला सुरुवात केली.

त्या दिवशी शाळेत सात मुले दाखल झाली होती. पहिल्या मुलापुढे गुरुजींनी सगळे रकाने पूर्ण भरले होते. धर्म व जात, हिंदू मराठा. जन्मठिकाण, कल्याण. दुसऱ्या मुलापासून पुढे त्या दोन्ही रकान्यांत फक्त दोन छोट्या उभ्या रेघा होत्या, म्हणजे वरीलप्रमाणे. बारकू आजोबा चौथे होते. त्यांच्यापुढे 'मराठा' हा शब्द नव्हताच. दोन रेघा होत्या. आजच्या क्लार्कने उतारा देताना त्या रेघांच्या जागी प्रामाणिकपणे वरचा शब्द लिहून दिला होता.

भाऊसाहेब खाली वाचत गेले. पाचवा, सहावा. सहाव्यावर त्यांनी बोट हवेतच थांबवले. "वाचा," ते क्लार्कला म्हणाले.

क्लार्कने वाचले. "इस्माईल हुसेन. धर्म व जात," आणि तो थांबला. तिथेही दोन रेघा होत्या. "वरीलप्रमाणे," तो म्हणाला आणि मोठ्याने हसला. मीही हसलो. माझे हसणे जरा जास्त वेळ चालले असावे, कारण क्लार्कने मला पाणी आणून दिले.

भाऊसाहेब हसले नाहीत. "दमले असतील गुरुजी," ते म्हणाले. "एका दिवशी सात पोरं, सात ओळी, दहा-दहा रकाने. शाळेत आली हेच त्यांच्या लेखी मोठं असेल." त्या गुरुजींवर मी त्यांना एकदाही चिडताना पाहिले नाही. माझी नोकरी त्या दोन रेघांवर टांगली होती, त्यामुळे मला तितके मोठे मन करता आले नाही.

त्यांनी नवा उतारा मागितला नाही. पूर्ण पानाची साक्षांकित छायाप्रत मागितली. मुख्याध्यापिकाबाई सहीसाठी तीन वेळा हेलपाटे घालायला लावून शेवटी तयार झाल्या. पुढच्या महिन्यात तहसील कार्यालयात गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या बुकात बारकू आजोबांच्या जन्माची नोंद निघाली. ती मोडीत होती. भाऊसाहेबांनी मला तिथे उभे करून अक्षर अक्षर वाचून दाखवली. बापाचे नाव, गावाचे नाव, जात आगरी. म्हणजे ते कल्याणला जन्मलेले नव्हते आणि मराठाही नव्हते. जन्मठिकाणाच्या रेघा खोट्या तर जातीच्या रेघाही खोट्या, एवढा साधा हिशेब होता. मला शाळेत दिसला नव्हता.

वंशावळीत बारकू आजोबांची रेघ घालून मी सगळे कागद समितीकडे दाखल केले. चौकशीसाठी समितीच्या दक्षता पथकाचे अधिकारी आमच्या कोपरच्या घरीही आले. त्यांनी माझ्या आईला चालीरीती विचारल्या. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तिने त्यांना आधी पाणी दिले आणि मग म्हणाली, "आमी आगरी नाय त कोन? माजे लग्नान धवलारीन आनली व्हती, तिने दोन दिस गानी बोलली. तुजे लग्नान कोन व्हती?" अधिकाऱ्यांनी हे लिहून घेतले की नाही ठाऊक नाही. भाऊसाहेबांना मी सांगितले तेव्हा मात्र ते खूप हसले आणि आतल्या खोलीत जाऊन मालतीताईंना पुन्हा सांगून आले.

सुनावणी ठाण्याला होती. ते आपणहून आले. आत यायला तयार नव्हते. "तुमचे कागद तुम्हाला पाठ पाहिजेत. मी आत आलो तर तुम्ही माझ्याकडे बघाल आणि ते तुमच्याकडे." आम्ही बाहेर लाकडी बाकावर बसलो होतो. नंबर यायला वेळ होता. मी कधी नव्हे ते त्यांना त्यांच्याविषयी विचारले. तुमचा स्वतःचा दाखला कसा मिळाला, भाऊसाहेब?

त्यांनी सांगितले. त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला, घरातले देव नदीत सोडले, आणि मुलाला शाळेत घालताना मास्तरांच्या समोर उभे राहून 'बौद्ध' असे लिहायला लावले. मास्तर जुनी जात लिहीत होते, ती खोडायला लावली. वडिलांना लिहिता येत नव्हते, पण खोडलेले कळत होते. पुढे नोकरीच्या वेळी भाऊसाहेबांना आधीची जात कोणती होती ते सिद्ध करायची वेळ आली. "ज्या शब्दापासून बापाने मला लांब नेलं, तो शब्द मी दप्तरातून शोधला आणि तीन प्रतींत साक्षांकित करून आणला. बाप तेव्हा होता. मी त्याला कागद दाखवला नाही."

"त्यांना वाईट वाटलं असतं?"

"माहीत नाही. विचारलं नाही." मग माझ्या फाइलीकडे बघून म्हणाले, "म्हणून तुमच्या बारकूला सोडू नका म्हणालो. घरातल्या माणसाला कागदासाठी लपवायचं, ते मी एकदा केलेलं आहे."

तेवढ्यात शिपायाने माझे नाव पुकारले. मी फाइल घेऊन आत गेलो.

आत समितीचे तिघे होते. अध्यक्षांनी पान उलटून विचारले, "ही विरोधातली नोंद तुम्ही स्वतः दाखल केलीत?"

"हो, साहेब."

"आणि हे पूर्ण पानही तुम्हीच?"

"हो."

त्यांनी शेजारच्या फाइलमधून एक कागद काढला. तोच उतारा होता, त्याच शाळेचा. दक्षता पथकाने तो चौकशीत स्वतःच मिळवला होता. "हा आमच्याकडे होता," ते म्हणाले. "तुम्ही वंशावळीत हे नाव दाखवता का, तेवढंच बघायचं होतं." मग त्यांनी पानावरची सहावी ओळ वाचली आणि ते पान शेजारच्या सदस्यांकडे सरकवले. आणखी चार प्रश्न झाले. मी बारा मिनिटांत बाहेर आलो. दोन महिन्यांनी प्रमाणपत्र आले. आज मी त्याच खात्यात आहे, तेवीस वर्षे झाली.

प्रमाणपत्र घेऊन मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी ते नाव, वडिलांचे नाव, जात, अनुक्रमांक असे चार वेळा तपासले आणि 'चूक नाही' असे म्हणून परत दिले. मी काही बोलायला लागलो तर म्हणाले, "पिशवी रिकामी करून न्या, मला ठेवायला जागा नाही." मालतीताईंनी शिरा केला होता. तो आधीच केलेला होता, मी फोन करून आलो नव्हतो. त्या म्हणाल्या, "रोज विचारत होते, भोईरांचं आलं का म्हणून."

त्यानंतर मी त्यांच्याकडे वर्षातून दोनदा जात असे. पण त्यांना शेवटचे पाहिले ते घरी नाही. मुलीचा अर्ज कसा भरायचा ते विचारायला मी ठाण्याच्या त्याच कार्यालयात गेलो होतो. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, बाकावर, भाऊसाहेब बसलेले दिसले. बारीक झाले होते. शेजारी एक बाई होत्या, पस्तिशीच्या, हातात फाइल, आणि त्या एकसारखी पाने उलटत होत्या. भाऊसाहेबांनी त्यांच्या हातातली फाइल हळूच बंद केली आणि काहीतरी सांगितले. बाई हसल्या.

मी हाक मारणार होतो. तेवढ्यात शिपायाने नाव पुकारले. बाई उठल्या, पदर सारखा केला आणि दरवाज्याकडे निघाल्या. आणि त्यांच्यामागे, बाकाच्या हाताला धरून, भाऊसाहेबही उठून उभे राहिले. चालले नाहीत. नुसते ताठ उभे राहिले, दोन्ही हात बाजूला, शाळेत प्रार्थनेला राहतात तसे. बाईंनी मागे वळून पाहिले नाही. दरवाजा बंद झाल्यावरही ते थोडा वेळ तसेच होते, मग सावकाश बसले.

मी हाक मारली नाही. माझ्या सुनावणीच्या दिवशी मीही असाच पाठ करून आत गेलो होतो.

तेव्हा माझ्या पाठीमागे काय झाले, ते त्यांना विचारायचे राहून गेले. पण विचारायची गरज होती असे आता वाटत नाही.